ताकीद आणि दंड

आज ज्या विषयावर मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. मोटार हांकणाऱ्या एखाद्या गृहस्थाच्या हातून वेगाचा नियम मोडला जातो, पोलीस अंमलदार त्यास रस्त्याच्या कडेला थांबवितो, कागदपत्रें तपासतो, आणि दंडाचें तिकीट हातांत न देतां, "यापुढें जपून हांका," एवढेंच सांगून त्यास जाऊं देतो. घटना इतकीच. वर्तमानपत्रांत तिची बातमी येत नाहीं, आणि ज्याच्यावर ती गुदरते तोहि दोन दिवसांत ती विसरतो. तरी पण कायदा, न्याय आणि दया या तीन मोठ्या शब्दांची सामान्य माणसाच्या आयुष्यांत जर कोठें प्रत्यक्ष गांठ पडत असेल, तर ती अशा रस्त्याच्या कडेलाच पडते. म्हणून या दंडाऐवजीं मिळणाऱ्या ताकिदीचा थोडा विचार करूं.

ही ताकीद एक रूढ संस्था होऊन बसली आहे ती अमेरिकेंत. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तिचा चांगलाच परिचय आहे. पाठीमागच्या आरशांत तांबडे-निळे दिवे लुकलुकूं लागले, कीं चालकानें गाडी रस्त्याच्या उजव्या कडेस घ्यावयाची, कारण तेथील वाहतूक उजव्या बाजूनें चालते. मग इंजिन बंद करावयाचें, कांच खालीं करावयाची, आणि दोन्ही हात चक्रावर ठेवून जागच्या जागीं बसून राहावयाचें. आपल्याकडून नव्यानें गेलेल्या माणसाची पहिली प्रवृत्ति नेमकी याच्या उलट असते. गाडींतून उतरून अंमलदाराजवळ चालत जाणें हें आपल्या देशांत विनयाचें लक्षण समजतात. तेथें तेंच धोक्याचें चिन्ह ठरतें. ज्या देशांत पुष्कळांजवळ पिस्तूल असतें, त्या देशांत दार उघडून आपल्याकडे येणारा मनुष्य काय हेतूनें येत आहे, हें अंमलदारास कळावें कसें? चालकास गाडीबाहेर येण्यास सांगण्याचा अधिकार अंमलदारास आहे, असें तेथील सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं ठरविलें. परंतु त्यानें सांगितल्यावांचून आपण होऊन उतरूं नये, हा शहाणपणाचा मार्ग होय.

अंमलदार परवाना, गाडीची नोंदणी आणि विम्याचा कागद मागून घेतो, आपल्या गाडींत जाऊन हीं कागदपत्रें यंत्रावर पडताळून पाहतो, आणि परत येतो. त्याच्या हातांतील कागद दोहोंपैकीं एक असतो. तिकीट असेल, तर त्याची किंमत केवळ दंडाच्या आंकड्यानें मोजतां येत नाहीं. न्यू जर्सी राज्याचें उदाहरण घ्या. मर्यादेपेक्षां ताशीं १ ते १४ मैल अधिक वेग असेल, तर चालकाच्या नांवावर २ दोषगुण चढतात. १५ ते २९ मैलांस ४, आणि ३० किंवा त्याहून अधिक मैलांस ५. तीन वर्षांत असे ६ गुण जमले, कीं दंडाखेरीज निराळा अधिभार सोसावा लागतो; १२ जमले, कीं परवानाच कांहीं काळ हिरावला जातो. शिवाय विम्याचा हप्ता वाढतो तो वेगळाच. उलट तो कागद लेखी ताकिदीचा असेल, तर सामान्यतः दंड नाहीं, दोषगुण नाहींत, विमा कंपनीकडे वर्दी नाहीं. पुष्कळ ठिकाणीं पोलिसांच्या दफ्तरीं नोंद तेवढी राहते, म्हणजे तोच गृहस्थ पुन्हां सांपडला, तर "मला नियम ठाऊक नव्हता" असें म्हणण्याची सोय उरत नाहीं.

या ताकिदीस कायद्याच्या दृष्टीनेंहि किती अर्थ आहे, हें एका खटल्यावरून ध्यानांत येईल. नेब्रास्का राज्यांत २०१२ सालीं एका चालकास रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गाडी गेल्याबद्दल थांबविण्यांत आलें आणि लेखी ताकीद देण्यांत आली. तेवढ्यावर त्यास जाऊं द्यावयाचें. परंतु अंमलदारानें त्यास सात-आठ मिनिटें अधिक थांबवून ठेवलें आणि वास घेणाऱ्या कुत्र्याकडून गाडीची तपासणी करविली. तींत मादक द्रव्य सांपडलें देखील. तरी २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं ज्या कामासाठीं गाडी थांबविली तें काम पुरें झालें, कीं थांबवून ठेवण्याचा अधिकार संपला. सबळ संशयावांचून ती मुदत लांबवितां येत नाहीं. ताकीद हातीं पडली, म्हणजे राजसत्तेची आणि नागरिकाची ती भेट आटोपली. सात-आठ मिनिटांसाठीं एवढा ऊहापोह कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु नागरिकाच्या स्वातंत्र्याचें मोजमाप पुष्कळदां अशा मिनिटांनींच होत असतें.

आतां प्रश्न असा, कीं गुन्हा स्पष्ट दिसत असतां अंमलदारास क्षमा करण्याची मुभा असावीच कां? कायदा सर्वांस सारखा, मग एकास तिकीट आणि दुसऱ्यास उपदेश हा भेद कशासाठीं?

याचें पहिलें उत्तर असें, कीं वेगाचा नियम हा महसुलासाठीं केलेला नसून जिवांच्या रक्षणासाठीं केलेला आहे. हा नियम किती सार्थ आहे, हें ब्रिटनच्या वाहतूक-संहितेंतील एका कोष्टकावरून कळतें. ताशीं ३० मैलांनीं धांवणारी गाडी चालकास धोका दिसल्यापासून पूर्ण थांबेपर्यंत २३ मीटर जाते. ताशीं ४० मैलांनीं धांवणारी ३६ मीटर. वेग वाढला तो एक-तृतीयांशानें, पण अंतर वाढलें तें निम्म्याहून अधिक. कारण गतीची शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. एखादें मूल २५ मीटरांवर चेंडूमागें धांवत आलें, तर पहिल्या गाडीचा चालक घामाघूम होऊन, पण सुखरूप घरीं जाईल. दुसरी गाडी त्या मुलापाशीं पोंचेल तेव्हां ती अजून धांवतच असेल. हें सत्य त्या चालकाच्या मनावर ठसलें, म्हणजे नियमाचा हेतु सफल झाला. तो हेतु जर पांच मिनिटांच्या थांबण्यानें, लाजेनें आणि चार शब्दांनीं साधत असेल, तर वर दंडहि घेतलाच पाहिजे असें नाहीं.

दुसरें उत्तर दंडनीतीचें आहे. मिलान येथील बेक्कारिया या तत्त्वज्ञानें १७६४ सालीं गुन्हे आणि शिक्षा यांवर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याचें मुख्य प्रतिपादन असें, कीं गुन्ह्यास आळा बसतो तो शिक्षेच्या क्रौर्यानें तितका नव्हे, जितका ती टळणार नाहीं या खात्रीनें बसतो. आपल्याकडे कौटिल्यानेंहि फार कठोर आणि फार सौम्य अशा दोन्ही दंडांचे दोष दाखवून, अपराधास शोभेल असाच दंड राजानें करावा, असा उपदेश केलेला आहे. या दृष्टीनें पाहिलें, तर गाडी थांबविली जाणें हीच शिक्षेची निश्चिति होय. शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडींतून आपल्याकडे पाहिलें जात आहे, मागच्या आसनावर मुलें गप्प होऊन बसलीं आहेत, आणि आपण मान खालीं घालून कागदपत्रें शोधीत आहों, ही स्थिति कोणाहि अब्रूदार माणसास पुरेशी बोचते. ज्यास ती बोचते त्यास ताकीद पुरते. ज्यास ती बोचत नाहीं त्यास दंड हवाच.

येथवर सर्व ठीक. परंतु ही माणसाची पारख करावयाची कोणी, आणि किती वेळांत? एका अंमलदारानें, दोन-चार मिनिटांत, खिडकीच्या चौकटींतून! येथेंच या सौजन्याच्या पोटीं दडलेला दोष पुढें येतो. दया ही ज्याच्या मर्जीवर अवलंबून असते, त्याच्या मर्जीचे सर्व रागलोभ तिला चिकटतात. ही केवळ शंका नाहीं. तिला आंकड्यांचा आधार आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांत २००१ सालच्या एप्रिल व मे महिन्यांत दिलेल्या तिकिटांबरोबरच ताकिदींचीहि नोंद ठेवण्यांत आली होती. तिचा अभ्यास करून मकोव्स्की व स्ट्रॅटमन या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २००९ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालक परगांवचा असला, तर त्यास दंड होण्याचा संभव वाढतो. आणि ज्या गांवाच्या मतदारांनीं घरपट्टी वाढविण्याचा प्रस्ताव फेटाळून लावला, त्या गांवचे पोलीस अशा परगांवच्या प्रवाशास अधिकच सढळ हातानें दंड करतात, असें त्यांस आढळलें. कारण उघड आहे. गांवचा मनुष्य उद्यां निवडणुकींत मत देणार. वाटसरू काय करणार?

फ्लॉरिडा राज्याच्या महामार्ग-पोलिसांचें उदाहरण याहून सूक्ष्म आहे. तेथें मर्यादेपेक्षां ताशीं १० मैल अधिक वेग झाला, कीं दंडाची रक्कम एकदम वरची पायरी गांठते. आणि नवल असें, कीं तिकिटांवर नोंदलेला वेग फारच मोठ्या संख्येनें मर्यादेपेक्षां बरोबर ९ मैलांनीं अधिक असतो! चालक कांहीं संगनमत करून नवावर थबकत नाहींत. अंमलदारच दया करून आंकडा खालीं आणतात. ही अर्धी ताकीद आणि अर्धा दंड होय. गोन्साल्वेस व मेलो या संशोधकांनीं २०२१ सालीं दाखविलें, कीं ही सवलत गोऱ्या चालकांस जितकी मिळते, तितकी कृष्णवर्णीय व स्पॅनिश वंशाच्या चालकांस मिळत नाहीं. आणि असा भेदभाव करणाऱ्या अंमलदारांचें प्रमाण त्यांच्या अंदाजानें शेंकडा ४२ होतें. लक्षांत घ्या, यांतील कोणत्याहि चालकावर खोटा आरोप झालेला नाहीं. ज्यास पुरा दंड झाला तो खरोखरच वेगानें जात होता. अन्याय त्याच्या दंडांत नसून दुसऱ्यास मिळालेल्या क्षमेंत आहे. म्हणूनच तो दिसत नाहीं, आणि त्याविरुद्ध दाद मागणें फार कठीण होतें.

दंडाची चटक लागलेल्या सत्तेचें काय होतें, याचीहि उदाहरणें तेथेंच सांपडतात. ओहायो राज्यांत कोलंबस शहराजवळ न्यू रोम नांवाचें एक चिमुकलें गांव होतें. २००० सालच्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या अवघी ६० भरली; परंतु हमरस्त्याचा एक लहानसा तुकडा त्याच्या हद्दींत होता. त्या तुकड्यांत वेगाची मर्यादा एकाएकीं ४५ मैलांवरून ३५ मैलांवर येई, आणि गांवचे पोलीस त्या जागीं दबा धरून बसत. वाटसरूंच्या दंडावर गांवाचा कारभार चाले. अखेर २००४ सालीं न्यायालयाच्या आज्ञेनें तें गांव, म्हणजे त्याची स्वतंत्र नगरसंस्था, विसर्जित करण्यांत आली. मिसूरी राज्यांतील फर्ग्युसन शहराविषयीं अमेरिकेच्या न्यायखात्यानें २०१५ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांतहि पोलिसांचा भर लोकरक्षणापेक्षां दंडवसुलीवर असल्याचें दाखवून दिलें आहे. आणि त्याच वर्षीं त्या राज्यानें, नगरांना वाहतुकीच्या दंडांतून मिळणाऱ्या उत्पन्नाची मर्यादा शेंकडा ३० वरून २० वर आणणारा कायदा केला. जेथें दंडावर खजिना भरतो, तेथें ताकीद देणारा अंमलदार नुकसान करणारा नोकर ठरतो, हें सांगावयास नकोच.

मग मनुष्याची मर्जीच काढून टाकावी, आणि सर्व कारभार यंत्रावर सोपवावा, असा उपाय पुष्कळांस सुचतो. रस्त्यावरील कॅमेरा वर्ण पाहत नाहीं, वशिला ओळखत नाहीं, हात पुढें करीत नाहीं. हे त्याचे गुण लहान नव्हेत. पण तो ऐकूनहि घेत नाहीं. आजारी मुलास घेऊन इस्पितळाकडे निघालेला बाप आणि पैजेखातर गाडी पिटाळणारा तरुण, हे दोघेहि त्याच्या भिंगाला सारखेच. शिवाय त्याचें चलान दिवसांनीं येतें. त्या वेळीं चालकास तो रस्ता, ती घाई, तो प्रसंग कांहींच आठवत नाहीं. शिक्षा आणि अपराध यांमधील अंतर वाढलें, कीं शिक्षेचें रूप करासारखें होतें. माणूस ती भरतो, आणि पुन्हां त्याच वेगानें जातो.

इंग्लंडनें या दोहोंमधून एक तिसरी वाट काढली आहे. वेग मर्यादेपेक्षां थोडाच अधिक असेल, म्हणजे उदाहरणार्थ ३० मैलांच्या हद्दींत ३५ ते ४२ मैल, तर चालकास दंड व दोषगुण यांऐवजीं शिकवणीच्या एका वर्गास बसण्याचा पर्याय पोलीस देऊं शकतात. वर्गाची फी त्यानें स्वतः भरावयाची. आणि तीन वर्षांत ही सवलत पुन्हां मिळावयाची नाहीं. या वर्गास बसलेले चालक दंड भरून मोकळे होणाऱ्यांपेक्षां पुढें कमी वेळां सांपडतात, असें तेथील वाहतूक-खात्यासाठीं केलेल्या आणि २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत दिसून आलें. या व्यवस्थेंत दया आहे, पण ती मोजून दिलेली आहे. ती कोणास मिळावी, किती वेळां मिळावी आणि तिच्या मोबदल्यांत काय करावें लागेल, हें सर्वांस आगाऊ ठाऊक असतें.

आतां आपल्या घराकडे वळूं. मोटार-वाहन कायद्याच्या दुरुस्तीनें १ सप्टेंबर २०१९ पासून आपल्या देशांत दंडाच्या रकमा कित्येक पटींनीं वाढल्या. किरकोळ नियमभंगाचा १०० रुपयांचा दंड ५०० वर गेला; परवान्यावांचून गाडी हांकण्याचा ५०० चा ५,००० वर गेला. ही वाढ निष्कारण झाली असें म्हणवत नाहीं. सरकारी आंकड्यांप्रमाणें २०२२ या एका वर्षांत आपल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. म्हणजे दर तासाला एकोणीस. आणि त्यांतील दहांपैकीं सुमारें सातांच्या मृत्यूस अति वेग कारण झाला. या आंकड्यांपुढें दयेची गोष्ट काढणेंहि कोणास विलासाचें वाटेल.

परंतु दंड पांच पट झाला, म्हणजे नियमाचा धाक पांच पट होतो असें नाहीं. पुष्कळदां पांच पट होतो तो टाळण्याचा मोह. आपल्याकडे दंडास पर्याय म्हणून जी गोष्ट सर्वांच्या मनांत प्रथम येते, ती ताकीद नव्हे. ती चिरीमिरी, किंवा कोणा मोठ्या माणसाची ओळख. "मी अमक्यांचा भाचा," असें म्हणून खिशांतून दूरध्वनि काढणारे सद्गृहस्थ आपण सर्वांनीं पाहिलेले आहेत. बाहेरून पाहणारास ताकीद घेऊन सुटलेला आणि लांच देऊन सुटलेला, हे दोघे सारखेच दिसतात. दोघेहि दंड न भरतां पुढें गेले. पण त्यांच्यामध्यें जमीनअस्मानाचें अंतर आहे. ताकिदींत अपराध बोलून दाखविला जातो, लांचेंत तो झांकला जातो. ताकीद घेणारा कायद्याचा ऋणी होतो. लांच देणारा कायद्याचा धनी झाल्याच्या तोऱ्यांत निघून जातो. आणि ओळख सांगून सुटणारा तर आपल्यामागें उभ्या असलेल्या निरुपाय, ओळख नसलेल्या माणसाचा उघड अपमान करून जातो.

तेव्हां ताकिदीची ही प्रथा टिकावी, पण तिला तीन बंधनें असावींत, असें मला वाटतें. पहिलें, ती लेखी असावी. जी दया नोंदली जाते, तीच पुढें मोजतां येते, आणि ती कोणास मिळाली व कोणास मिळाली नाहीं हें तपासतां येतें. मॅसॅच्युसेट्समध्यें ताकिदी नोंदल्या गेल्या, म्हणूनच तेथील पक्षपात उजेडांत आला. दुसरें, दंडाच्या पैशाचा आणि दंड करणाऱ्या खात्याच्या उत्पन्नाचा कांहीं संबंध नसावा. तिसरें, ती एकदांच मिळावी. दुसऱ्या खेपेस दंड ठरलेला असावा. या तीन बंधनांनीं अंमलदाराची माणुसकी नाहींशी होत नाहीं. तिला फक्त उजेडांत उभें राहावें लागतें.

शेवटची गोष्ट मात्र कोणत्याहि कायद्यांत लिहितां येणार नाहीं. ती आपल्या घरांत घडावयाची आहे. ताकिदीवर सुटलेला गृहस्थ संध्याकाळीं घरीं आला, म्हणजे ती हकीकत कशी सांगतो? "काय झकास थाप मारली, पोलीस गारच झाला," असें सांगून तो हंशा पिकवितो, कीं "आज माझी चूक होती, आणि त्या माणसानें मला सांभाळून घेतलें," असें म्हणतो? ऐकणारीं मुलें आठ-दहा वर्षांनीं स्वतः चक्रामागें बसणार आहेत. पहिल्या हकीकतींतून त्यांना एवढेंच कळेल, कीं नियम हा चतुराईनें चुकविण्याचा अडथळा आहे. दुसरींतून त्यांना कळेल, कीं ज्यास दंड करण्याचा अधिकार होता त्यानें तो वापरला नाहीं, आणि तो विश्वास आतां आपल्याला फेडावयाचा आहे. उसनें आणलेलें धान्य ज्या मापानें आणावें त्याच मापानें परत करावें, ही आपल्या घरोघरची जुनी रीत. अंमलदारानें दाखविलेली दया अंमलदारास परत करतां येत नाहीं. ती पुढच्या वळणावर, शाळेच्या दारापाशीं, रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीपुढें वेग कमी करूनच फेडावी लागते. तशी ती ज्यानें फेडली, त्याच्या बाबतींत ताकीद दंडाहून श्रेष्ठ ठरली, असें निःशंकपणें म्हणावें.